छातीत पुन्हा गाठ: पिळू नका, आधी सूज उतरवा

सोलापूरचा मे महिना, रात्रीचे अडीच वाजलेले, पंखा बंद, आणि मी लोकरीचा स्वेटर घालून, वर दुलई ओढून थरथरत होते. दातांवर दात आपटत होते. शेजारी सात आठवड्यांची लेक गाढ झोपलेली. आईला वाटलं मलेरिया. मग डाव्या बाजूला काखेजवळ माझा हात गेला आणि कळलं. लिंबाएवढी टणक गाठ, वरची कातडी हात मागे घ्यावा इतकी गरम. झोपताना तिथे काही नव्हतं.

पुढच्या आठ महिन्यांत हे आणखी चार वेळा झालं. पहिल्या तीन वेळा मी जे जे केलं त्यातलं बहुतेक चुकीचं होतं, आणि ते सगळं मला मायेनेच शिकवलेलं होतं. मी डॉक्टर नाही. पण चौथ्या खेपेला एका डॉक्टर मॅडमनी समोर बसवून जे समजावलं आणि नंतर मी वाचून, करून जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. बाळाला अंगावर पाजताना छातीत पहिली गाठ येऊन गेलेली आहे आणि दुसरी हाताला लागल्यावर जिच्या पोटात गोळा आला आहे, तिच्यासाठी.

आधी आत काय होतंय ते बघू

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र असतं: नळीत दुधाचा बोळा अडकला आहे, तो जोर लावून काढला की मोकळं होईल. जुनी पुस्तकंही तसंच सांगायची. २०२२ मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने स्तनदाहाबद्दलची आपली मार्गदर्शिका बदलली, आणि हे चित्रच पुसून टाकलं.

दुधाच्या नळ्या अगदी बारीक असतात, एकमेकींत गुंतलेल्या असतात. छाती गरजेपेक्षा जास्त भरली की आजूबाजूच्या भागात सूज येते आणि त्या सुजेने नळ्या बाहेरून दाबल्या जातात. पुण्याच्या पेठेतला बोळ आठवा. दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या की स्कूटरही जाईना. बोळात दगड पडलेला नसतो, बोळच अरुंद झालेला असतो. तिथे मागून हॉर्न वाजवून उपयोग काय?

दूध दाटणं, गाठ होणं, मग लाली-ठणका-ताप, मग जंतूंचा संसर्ग आणि शेवटी पू होऊन गळू: या एकाच रस्त्यावरच्या पुढच्या पुढच्या पायऱ्या आहेत. प्रत्येक गाठ शेवटपर्यंत जात नाही. बहुतेक पहिल्या-दुसऱ्या पायरीवरूनच परत फिरतात, आपण मध्ये उपद्व्याप केले नाहीत तर. आणि थंडी वाजून ताप आला म्हणजे संसर्गच झाला असंही नाही. नुसत्या सुजेनेही अंग तापतं.

उपद्व्याप दोन प्रकारचे. एक, चोळणं. गालगुंड झालेला गाल कोणी पिळत नाही, पण सुजलेली छाती मात्र घरादाराला पिळावीशी वाटते. माझ्या मालिशवाल्या मावशींनी तेल लावून अंगठ्याने ती गाठ ‘फोडली’. एका काकूंनी गरम पाण्यात बुडवलेला कंगवा वरून खाली फिरवायला सांगितला. वहिनीने इलेक्ट्रिक टूथब्रशची मागची बाजू धरून थरथर द्यायचा व्हिडिओ पाठवला. मी तिन्ही केलं. दुसऱ्या दिवशी कातडीवर निळे डाग आणि गाठ लिंबाची मोसंबी झालेली. आतला भाग नाजूक असतो, दाबल्याने तो दुखावतो आणि सूज वाढते.

दोन, ‘पूर्ण रिकामी कर’ हा सल्ला. हा तर मला प्रसूती झाली त्या रुग्णालयातूनच मिळाला होता. शरीराचा हिशोब साधा आहे. जेवढं दूध बाहेर जाईल तेवढी मागणी आहे असं ते धरतं. बाळ पिऊन झाल्यावर पंप लावून शेवटचा थेंब काढला की शरीर म्हणतं, अरे, इथे दोन बाळं दिसतायत. मग उद्या आणखी दूध, आणखी दाटणं, आणखी एक गाठ.

पहिले चोवीस तास

गाठ लागली की पहिलं काम: बाळाला नेहमीसारखंच पाजत राहा. जास्त नाही, कमीही नाही. दुखतंय म्हणून ती बाजू बंद करू नका आणि गाठ उतरावी म्हणून त्याच बाजूला दर तासाला लावूही नका. बाळ मागेल तेव्हा, दोन्ही बाजूंनी. हे दूध बाळाला चालतं. ताप असला तरी, संसर्ग असला तरी चालतं. फक्त सुजेच्या काळात दुधातलं सोडियम वाढतं आणि ते खारट लागतं, म्हणून एखादं बाळ त्या बाजूला तोंड फिरवतं. तसं झालं तर बाळ जेवढं प्यालं असतं तेवढंच हाताने किंवा पंपाने काढा आणि थांबा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा अतिदक्षता विभागात असेल, तर मात्र त्याच्या डॉक्टरांना विचारूनच.

छाती इतकी घट्ट झाली असेल की निपल सपाट होऊन बाळाला धरताच येत नाही, तर पाजण्याआधी निपलच्या भोवती, काळ्या वर्तुळावर, बोटांची टोकं ठेवून मिनिटभर आतल्या बाजूला हलकं दाबून धरा. तेवढा भाग मऊ होतो आणि बाळाच्या तोंडात नीट बसतो.

दुसरं, थंड. इथे आमच्या घरात महाभारत झालं. सव्वा महिना शेक-शेगडी, कानाला रुमाल, पायात मोजे, पिण्याचं पाणीही कोमट, आणि आता ही म्हणते छातीवर बर्फ ठेवते!

“अगं, बाळंतिणीला कुणी बर्फ लावतं का? बाळाला सर्दी होईल.”

“आई, दूध अंगात बनतं. ते अंगाइतकंच गरम येणार.”

पटलं नाही. शेवटी डॉक्टर मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकला. त्या म्हणाल्या, “काकू, जिन्यावरून पाय घसरून घोटा सुजला की त्या दिवशी काय लावता?” आई म्हणाली, “बर्फ.” “मग हीही सूजच आहे.” आई काही बोलली नाही, पण दहा मिनिटांनी मटारची गोठवलेली पिशवी पंच्यात गुंडाळून घेऊन आली. दाणे सुटे असतात, त्यामुळे पिशवी छातीच्या आकाराला बरोबर बसते. कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, तासा-दोन तासांनी पुन्हा. बर्फ उघडा कातडीला लावू नका. पाजायच्या आधी मिनिटभर कोमट फडकं ठेवलं की काही जणींना बरं वाटतं, पान्हा फुटायला मदत होते, तेवढं करायला हरकत नाही. पण गरम पाण्याची पिशवी धरून तासभर बसलात तर रक्तपुरवठा वाढून सूज वाढते.

तिसरं, गोळी. आयब्युप्रोफेन सूज आणि दुखणं दोन्हींवर काम करतं आणि पाजताना चालतं. पॅरासिटामॉल ताप-दुखण्यावर चालतं. किती आणि किती वेळाने ते डॉक्टरांना किंवा फोनवर तरी विचारून ठरवा, आणि उपाशीपोटी घेऊ नका. दोन गोष्टी लक्षात ठेवा. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्रच असतं. वरून पॅरासिटामॉल वेगळी घेतली तर मात्रा दुप्पट होते, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचा. आणि पावसाळ्यात डेंग्यूची साथ असेल, किंवा पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा यातलं काही असेल, तर आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका.

चौथं, हात. काही करायचंच असेल तर बाळाच्या टाळूला तेल लावताना हात जितका हलका ठेवतो तितक्याच हलक्या हाताने, गाठीवरून नव्हे तर कातडीवरून, काखेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे नुसती बोटं फिरवा. सुजेतलं पाणी काखेत मुळातच असणाऱ्या, त्याचा निचरा करणाऱ्या ग्रंथींकडे वळावं एवढाच हेतू. दुखलं म्हणजे तुम्ही जोर लावताय.

पाचवं मला फार उपयोगी पडलं. बॉलपेन घ्या आणि टणक, गरम भागाच्या कडेने कातडीवरच रेघ काढा, बाजूला वेळ लिहा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा: कुठपर्यंत गरम लागतं, कुठपर्यंत घट्ट. सहा तासांनी पुन्हा चाचपा. रेघेच्या आत आलं तर उतरतंय. रेघ ओलांडली तर डॉक्टर. रात्री तीन वाजता ‘वाढलंय का गं?’ असं कोणाला विचारत बसावं लागत नाही.

आणि झोपा. पाजण्यापलीकडची सगळी कामं दुसऱ्याकडे द्या. ताप असताना पाहुण्यांना चहा करणारी बाळंतीण मी पाहिली आहे. आरशात.

डॉक्टरकडे कधी

वरचं सगळं करून चोवीस तासांत उतार दिसला नाही तर जा. आणि चोवीस तास न थांबता लगेच जायची कारणं: ताप १०१ च्या वर जाऊन उतरत नाही, लाली किंवा घट्टपणा भराभर पसरतोय, निपलला चीर पडून त्यातून पू येतोय, दोन्ही बाजूंना एकदम झालंय, चक्कर येते, उभं राहवत नाही. बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील आणि ताप आहे पण छातीत काहीच नाही, तर टाके, लघवी, गर्भाशय इथला संसर्ग असू शकतो. तोही त्याच दिवशी दाखवण्याचा ताप. खेड्यात असाल तर आशाताईंना सांगा, रात्री अवस्था बिघडली तर १०८.

अँटिबायोटिक लागतंच असं नाही, पण लागलं तर अर्धवट सोडू नका. संसर्ग बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचा असतो आणि औषध साधारण १० ते १४ दिवस चालतं. मी दुसऱ्या खेपेला चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलं, आणि तीन आठवड्यांनी त्याच जागी तिसरी गाठ. उरलेल्या गोळ्या जपून ठेवून पुढच्या वेळी स्वतःच सुरू करणं हा त्याहून मोठा मूर्खपणा. तोही मी केला आहे. पाजताय हे डॉक्टरांना आधी सांगा. पाजताना चालतील अशी बरीच अँटिबायोटिक आहेत. बाळाला त्या दिवसांत थोडं पातळ होऊ शकतं.

औषध सुरू होऊन ४८ तासांत फरक पडायला हवा. नाही पडला तर तुम्ही स्वतः विचारा: दुधाचं कल्चर करायचं का? सोनोग्राफी करायची का? औषधाला दाद न देणारा जंतू असेल तर तो कल्चरमध्येच कळतो. दर वेळी तेच औषध लिहून मिळत असेल आणि दर वेळी गाठ परत येत असेल, तर ही चाचणी मागून घ्या. संकोच करू नका.

पू धरून गळू झालं तर घाबरू नका, पण घरी थांबूही नका. सोनोग्राफीत बघत सुईने पू काढतात, कधी छोटी नळी ठेवतात. त्यानंतरही पाजता येतं, बहुतेक वेळा त्याच बाजूनेही. ‘आता दूध कायमचं बंद करा’ असं कोणी तडकाफडकी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ऐन सुजेत अचानक पाजणं थांबवणं म्हणजे आगीत तेल.

परत का येते? वही घाला

गाठ उतरली की आपण विसरतो, आणि खरं काम तिथेच सुरू होतं. एक साधी वही. तारीख, कोणती बाजू, घड्याळाच्या काट्याप्रमाणे कुठे (माझी डावीकडे दोनच्या जागी), आणि आधीच्या दोन दिवसांत काय वेगळं झालं. तीन नोंदी झाल्या की वही बोलायला लागते.

माझी वही पहिल्यांदा बोलली ती दुधाच्या प्रमाणाबद्दल. एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसाला सरासरी साधारण ७५० मिली दूध पितं. माझी लेक पोटभर पिऊन वर मी दिवसातून चार वेळा पंप लावून अर्धा लिटर दूध फ्रीजरमध्ये टाकत होते. तारखा घातलेल्या पिशव्यांची थप्पी बघून मला कोण अभिमान! सासूबाई शेजारणींना फ्रीजर उघडून दाखवायच्या. माझा रोग त्याच थप्पीत होता हे मला चार महिने कळलं नाही. एका रात्री लाइट गेली ती सकाळपर्यंत आली नाही, अर्धी थप्पी वितळली, मी ढसाढसा रडले.

आणि अर्धा लिटर येत होतं तरी शतावरी कल्प दोन वेळा, मेथीचे लाडू, अळिवाची खीर चालूच. कारण ‘दूध यायला हवं’. अहो, आलंय की! लाडू, खीर हे खाणं आहे, बाळंतिणीला भूक लागते, खुशाल खा. पण दूध वाढवायच्या म्हणून घेतलेल्या पावडरी, कल्प, गोळ्या दूध भरपूर असताना घेऊ नका. बाळाचं वजन नीट वाढतंय, दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होतायत, तर दूध पुरतंय. छाती सदा दगडासारखी भरलेली असणं ही चांगल्या दुधाची खूण नाही. काही आठवड्यांनी ती मऊ राहायला लागते ते दूध आटल्यामुळे नव्हे, शरीराला अंदाज आल्यामुळे.

दुसरी नोंद पंपाची. पंपाचं छातीला लावायचं फनेल मापाचं असावं लागतं. डब्यात सहसा २४ किंवा २८ मिलिमीटरचं येतं आणि आपण तेच वापरतो. बऱ्याच जणींना त्याहून लहान लागतं. निपलबरोबर भोवतालचं काळं वर्तुळही आत ओढलं जात असेल, किंवा काढल्यावर भोवती लाल कडं उमटत असेल, तर फनेल मोठं आहे. निपल कडेला घासून सोलवटत असेल तर लहान. ओढही सगळ्यात जोराची ठेवू नका. दुखायला लागायच्या एक पायरी अलीकडे.

तिसरी नोंद चुलत भावाच्या लग्नाची. पैठणी, पाठीला घट्ट हुकांचा ब्लाउज, सकाळी नऊ ते तीन, मध्ये पाजायला जागा नाही म्हणून बाळाला वाटी-चमच्याने दूध. दुसऱ्या दिवशी गाठ. दाब आणि खाडा, दोन्ही एकत्र. तारेची ब्रा, घट्ट स्पोर्ट्स ब्रा, लॅपटॉपच्या सॅकचा पट्टा, बाळाला बांधायची झोळी, पोटावर झोपणं, हे सगळं एकदा तपासा. ब्रा आधार देणारी हवी, आवळणारी नको. रात्रभर घातलेल्या ब्राचा वळ सकाळी कातडीवर दिसत असेल तर ती बदला.

खाड्याचं म्हणाल तर बाळ अचानक रात्रभर झोपायला लागलं, वरचं अन्न सुरू झालं, प्रवास झाला, पाळणाघर सुरू झालं, अशा प्रत्येक वळणावर गाठ टपून बसलेली असते. बदल हळूहळू करता येत असेल तर हळूहळू करा. छाती फारच दाटली तर हाताने जरासं काढा, बरं वाटेपर्यंत, रिकामं होईपर्यंत नाही.

बाळाची पकड उथळ असेल, पाजताना कळ जात असेल, निपल सुटल्यावर लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसत असेल, तर स्तनपान सल्लागार किंवा जाणत्या नर्सला एकदा समोर पाजून दाखवा. यावर लेख वाचून भागत नाही. कोणीतरी बघावं लागतं.

निपलच्या टोकावर कधी पांढरा, मोहरीएवढा ठिपका दिसतो आणि त्यामागे गाठ येते. सुईने टोचायचा मोह होतो. टोचू नका, जखम होऊन तो पुन्हा पुन्हा धरतो. डॉक्टर त्यावर लावायला सौम्य स्टेरॉइड मलम देतात. बऱ्याच जणी सोया किंवा सूर्यफुलापासून काढलेला लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ, दिवसाला ५ ते १० ग्रॅम, घेतात. सुरुवातीला सांगितलेल्या २०२२ च्या मार्गदर्शिकेतही त्याचा उल्लेख आहे, पण पुरावा बेताचाच. मी घेतलं. फरक त्याने पडला की पंप कमी केल्याने, मला सांगता येणार नाही.

पंप कमी कसा करायचा

हे नीट करा, कारण घाईत केलं तर गाठ आलीच. आधी तीन दिवस नुसतं लिहा: किती वाजता, किती मिनिटं, किती मिली. मग सगळ्यात कमी गरजेची एक वेळ निवडा. त्या वेळेचं दूध दर दोन-तीन दिवसांनी २०-३० मिलीने कमी करा. म्हणजे १२० काढत असाल तर ९०ला थांबा, अजून येत असलं तरी. छाती ताणल्यासारखी वाटेल. मटार लावा. एक वेळ पूर्ण सुटली, दोन-तीन दिवस शांत गेले, की पुढची. एका वेळी एकच. माझ्या चार वेळांच्या दोन व्हायला पाच आठवडे लागले.

एकाच बाजूने सलग काही तास पाजून दूध कमी करायची पद्धत आहे, त्यासाठी गोळ्याही आहेत. दोन्ही जाणकाराच्या देखरेखीशिवाय करू नका. प्रमाण चुकलं तर दूध गरजेपेक्षा खाली जातं.

जादा दूध खरंच आहे आणि तब्येत ठीक आहे, तर दुग्धपेढीत चौकशी करा. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली. आता आणखी शहरांत आहेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते दूध लागतं. दाह चालू असताना दान घेत नाहीत. आणि दान करायचं म्हणून दूध वाढवू नका, नाहीतर आपण पुन्हा पहिल्या पानावर.

कामावर परतताना

पाचवी गाठ इथली. ऑफिसातला पहिला आठवडा, मीटिंगवर मीटिंग, सात तास काहीच नाही. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, तिथे दिवसातून चार वेळा जायची मुभा, हे सगळं कागदावर आहे. माझ्या वाट्याला दूध काढायला यूपीएसच्या बॅटऱ्यांची खोली आली. दाराला आतून कडी नव्हती, म्हणून खुर्ची लावून बसायचे.

रजा संपायच्या दोन आठवडे आधी ऑफिसच्या वेळा घरीच सुरू करा: बाळ ऑफिसच्या वेळेत ज्या वेळी पिईल, त्याच वेळी काढायचं, तेवढंच. कॅलेंडरमध्ये ती वेळ मीटिंग म्हणून टाका. नाव काहीही द्या, मी ‘व्हेंडर कॉल’ लिहायचे. पर्समध्ये एक छोटा टॉवेल, एक जादा कुर्ता आणि हाताने काढायची सवय, कारण पंपाची चार्जिंग नेमकी त्याच दिवशी संपते. प्रवासात एसटी स्टँडवर पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतो. बंद दिसला तर चौकशी खिडकीवर विचारा.

एकाच जागी, पुन्हा पुन्हा

हा भाग घाबरवायला लिहीत नाही, पण गाळणारही नाही. साधी गाठ दोन-तीन दिवसांत मऊ पडायला लागते. आठवडा-दोन आठवडे तशीच टणक राहिली, किंवा दर वेळी नेमक्या त्याच जागी आली, तर ‘दुधाचीच असेल’ म्हणून सोडू नका. सोनोग्राफी करा. पाजताना सोनोग्राफी चालते, गरज पडली तर मॅमोग्राफीही चालते. आत दूध साठलेली पिशवी असू शकते, न उमटलेलं गळू असू शकतं. आपल्याकडे क्षयरोगही छातीत गाठ करतो, आणि औषधांना दाद न देणाऱ्या दाहाचे इतरही काही प्रकार आहेत. क्वचित कर्करोग. कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली, निपल नव्याने आत ओढलं गेलं, काखेत टणक गाठ लागली, रक्त आलं, तर पाजणं संपायची वाट न बघता दाखवा. माझी दोनच्या जागची गाठ सोनोग्राफीत निव्वळ सूज निघाली. तो रिपोर्ट हातात आल्यावर त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट जेवले.

दूध सोडवायचं ठरवलं, कितव्याही महिन्यात, तरी वरच्याच पद्धतीने, एकेक वेळ कमी करत. सतत आजारी पडून पाजत राहायचं की थांबायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं, आणि त्याची कारणं बारशाला आलेल्या प्रत्येकीला सांगायला तुम्ही बांधील नाही. रडू थांबत नाही, बाळाकडे बघवत नाही, असं दोन आठवडे चाललं तर तेही डॉक्टरांना सांगा, छातीइतकंच स्पष्टपणे.

लेक आता दीड वर्षाची आहे, रात्री एकदा पिते. वहीतली शेवटची नोंद नऊ महिन्यांपूर्वीची. मटारची ती पिशवी मात्र अजून फ्रीजरमध्ये आहे. इतक्यांदा वितळून गोठली की आतले दाणे खडीसारखे झालेत. एकदा सासूबाई उसळीसाठी पिशवी कापायला निघाल्या होत्या, तेव्हापासून तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय: खायचे नाहीत.